सोमवारचा काटा

“दुधावरची साय काढायची नाही, उलट वरून घालायची,” आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या आणि मला हसू आलं. जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन जेमतेम चार आठवडे झाले होते, त्यामुळे ते हसू एकाच गालावर उमटलं. गेली वीसेक वर्षं मी साय बाजूला काढणारी, ‘अजून घे’ म्हटलं की ताटावर हात आडवा धरणारी, दर नव्या वर्षी पाच किलो उतरवायचं ठरवणारी बाई. ६८ किलो हे वजन मला कायम जास्तच वाटत आलेलं. आणि आता या बाई सांगत होत्या, की पुढचे तीन महिने अंगावरचा एकेक किलो धरून ठेवायचा, एवढंच तुमचं काम.

मनात म्हटलं, चला, वजनाच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सोपं काहीतरी सांगितलं.

चार किलो तोवर गेलेही होते. जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली तेव्हापासून मी उजवीकडून चावत होते, झोंबेल ते टाळत होते, लवकर उठता यावं म्हणून अर्ध्यावर जेवण संपवत होते. मग ऑपरेशन झालं. जिभेचा डावा भाग काढला, हाताच्या मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसकट उचलून तिथे बसवली, मानेतल्या गाठी काढल्या. दहा दिवस आहारासाठी नाकातून नळी होती. घरी आले तेव्हा काट्यावर ६४. एका गाठीच्या बाहेर आजार आलेला तपासणीत दिसला, म्हणून रेडिएशनच्या जोडीला केमोही ठरली. आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे, रेडिएशनचे एकूण तीस ‘शेक’ आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचा एक डोस.

बाईंनी कागदावर हिशोब मांडून दिला. किलोमागे ३० कॅलरी, म्हणजे दिवसाला साधारण १९००. किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ८० ते ९५ ग्रॅम. नवऱ्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याची सगळी नोकरी हिशोब तपासण्यात गेलेली. संध्याकाळी त्याने एक वही काढली आणि पट्टीने रकाने आखले: वेळ, काय, किती, कॅलरी, प्रथिनं. शेवटचा रकाना वजनाचा, तो फक्त सोमवारी भरायचा. काटा तोच, वेळ सकाळची, कपडे हलके आणि रोजचेच. ती वही मला बघताक्षणीच आवडली नाही.

खरं सांगायचं तर वजनाचा एवढा बाऊ का करतात ते मला तेव्हा पटलं नव्हतं. आजार जाऊ दे, वजन काय, मागाहून भरेल, असं वाटायचं. साधा उपास लांबला तर शरीर मुख्यतः चरबी खर्च करतं आणि स्नायू जमेल तितके राखून ठेवतं. पण कॅन्सरमध्ये आणि त्याच्या उपचारात शरीरभर जी आग पेटलेली असते ती स्नायूंनाही धरते. गिळण्याचे स्नायूही त्यातच आले. माणूस खंगला की शेक बुडतात, आणि तोंडाच्या आजारात शेक बुडणं फार वाईट, कारण मधल्या दिवसांत उरलेल्या पेशी पुन्हा वाढीला लागतात. हे सगळं मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं म्हणे. मला आठवत होती ती फक्त साय.

पहिला आठवडा छान गेला. मऊ अंडी, दही, लोणी घालून कुस्करलेला बटाटा, सगळं हळूहळू का होईना, जात होतं. सोमवारी काट्यावर ६४.३. मी नवऱ्याला म्हटलं, लोक उगाच घाबरवतात.

दुसऱ्या आठवड्यात चव गेली. एका रात्रीत नाही, पण आठवडाभरात नक्की. आधी गोड गेलं. मग दूध खडू विरघळवल्यासारखं लागायला लागलं आणि पाण्याला लोखंडाचा वास येऊ लागला. ज्यांची चव कधी गेली नाही त्यांना वाटतं, बेचव म्हणजे सपक. तसं नाही. सपक खाता येतं. हे पुठ्ठा चघळल्यासारखं. घास तोंडात गेला की आत कुणी त्याची दखलच घेत नाही, आणि दखल घेतली नाही तर गिळायचा हुकूमही सुटत नाही. त्यातच लाळ आटली. जी उरली ती इतकी चिकट, की तिचे धागे बोटाने ओढून काढावे लागायचे.

भूकही गेली होती. पण ती गेल्याचं कळलं नाही, कारण भूक नसली की काही चुकतंय असं आतून वाटतच नाही. दुपारचे दोन वाजले तरी पोटातून हाक नाही. जन्मभर भुकेवर चाललेलं खाणं एकदम घड्याळावर न्यायचं, हे मला सगळ्यात जड गेलं. दर दोन तासांनी गजर. इच्छा असो नसो, शंभर मिली तरी. तो गजर मी दोनदा बंद केला होता, चोरून.

तिसऱ्या आठवड्यात तोंड सोललं. आतून पांढरे पापुद्रे, खाली लाल मांस. दात घासायला लहान मुलांचा मऊ ब्रश आणला, तोही टोचायचा. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून आठ-दहा वेळा चुळा. वेदनेसाठी मॉर्फिनचं पातळ औषध सुरू झालं. ते खाण्याआधी अर्धा तास घ्यायचं, हे मला दुसऱ्या एका पेशंटने सांगितलं. मी दुखायला लागल्यावर घेत होते, म्हणजे खाणं सोडून दिल्यावर. तोंड बधीर करणारं जेलही होतं, पण त्याने घसाही थोडा बधीर होतो. मी ते लावून घाईघाईने प्यायले आणि असा ठसका लागला, की नवरा पाठ चोळून दमला. तेव्हापासून जेल लावलं की हनुवटी खाली आणि घोट लहान.

मॉर्फिनची दुसरी बाजू जरा उशिरा लक्षात आली. चार दिवस पोट साफ नाही, पोट गच्च, त्यामुळे दोन घोटांतच तट्ट भरल्यासारखं. मी आणि घरचे सगळे तोंडाकडे बघत होतो, आणि अर्धी अडचण तिकडे पोटात होती. जुलाबाचं औषध मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून लिहून दिलेलं होतं. ‘आधीच काही जात नाही, त्यात जुलाब कशाला’ म्हणून मीच ते घेतलं नव्हतं. ते सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी दीडशे मिली जास्त गेलं. वहीत आहे.

त्या वहीनेच माझी आणखी एक चूक पकडली. घन पदार्थ बंद झाल्यावर मी सूप पीत होते. गाळलेलं, पातळ, कोमट. दिवसातून पाच वाट्या, आणि मला वाटायचं मी भरपूर घेतेय. नवऱ्याने बाईंना फोन करून विचारलं, रकाना भरला आणि वही माझ्यापुढे ठेवली. एका वाटीत पन्नास कॅलरीसुद्धा नव्हत्या. पाच वाट्यांनी पोट भरलं, आणि मिळालं काय, तर एका ग्लास दुधाइतकं. त्या दिवसापासून घरात पाण्याची जागा दुधाने घेतली. अर्धा लिटर सायीचं दूध आणि त्यात दूध पावडरचे चार मोठे चमचे, याच्या पाचशेच्या आसपास कॅलरी होतात. सूपमध्येही पाण्याऐवजी तेच दूध, वर लोणी. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि माझ्या जिभेला ते घातलंय की नाही हे कळतही नव्हतं. चव जाण्याचा एवढा एकच फायदा झाला. सगळं गार किंवा कोमट. गरम नाही, आंबट नाही, कणभरही खरखरीत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी तयार पेयंही घेतली. त्यांची व्हॅनिलाची चव न कळणं हेही एक सुखच.

तरीही काटा उतरतच होता. ६२.६. मग ६०.९.

नवऱ्याचा हिशोब जुळेना. त्याच्या मते रोजची तूट हजार-अकराशे कॅलरींची. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला एक किलो जायला हवं. इथे पावणेदोन, दोन जात होते. त्याने वही घेऊन बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, हिशोब बरोबर आहे, पण जातेय ती नुसती चरबी नाही. स्नायूंत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे तेवढ्याच तुटीत स्नायू गेले तर वजन कितीतरी जास्त उतरतं. तो घरी येऊन बराच वेळ काही बोलला नाही. मला मात्र ते आधीच कळलं होतं, आकड्यांशिवाय. जिना चढताना कठड्याला हात लागत होता. लाकडी खुर्चीवर बसलं की हाडं टोचत. बोटातली अंगठी भांडी घासताना निघून आली, ती नशिबाने सिंकच्या जाळीत अडकली. उन्हातही स्वेटर लागायचा.

आणि याच दिवसांत एका ओळखीच्या बाईंनी लांबून पाहून हाक मारली, “अगं, काय बारीक झालीयस! काय करतेस तरी काय?” मी काही बोलू शकत नव्हते, म्हणून अंगठा वर केला. रागावून नाही. वीस वर्षं ते वाक्य ऐकायची हौस होती, ती अशी फिटली.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी मास्क सैल झाला. शेक घेताना डोकं जराही हलू नये म्हणून चेहरा, मान आणि खांदे झाकणारी प्लास्टिकची जाळी करतात. गरम पाण्यात मऊ करून ती आपल्याच चेहऱ्यावर बसवतात आणि रोज तीच घालून टेबलाला अडकवतात. सुरुवातीला ती इतकी घट्ट, की कपाळावर तासभर चौकटी उमटून राहायच्या. त्या दिवशी तंत्रज्ञ मुलीने जाळी बसवली, माझ्या गालापाशी तिचं बोट सहज आत गेलं आणि ती थांबली. दुसऱ्याला बोलावलं. त्यानेही बोट घालून पाहिलं. गालाचं आणि मानेचं मांस कमी झालं की शेक जिथे पडायला हवा त्याची सगळी आखणी सरकते. नवी जाळी, पुन्हा सीटी स्कॅन, पुन्हा आखणी. काट्यावरच्या आकड्याशी माझं भांडण होतं, पण त्या बोटाशी वाद घालता येईना.

बुधवारी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, वाढलेलं. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर भार टाकतं, म्हणून पाणी भरपूर लागतं, आणि माझ्या पोटात पाणीही पुरेसं जात नव्हतं. त्या आठवड्याचा डोस रद्द झाला. सलाईन लावलं. गुरुवारी सहज काट्यावर उभी राहिले तर ६२.१! मी नवऱ्याला खुणेने बोलावून दाखवलं. त्याने वहीत लिहिलं नाही. “सोमवार नाहीये,” म्हणाला. सोमवारी ५९.० होतं. तो सव्वा किलो सलाईनचा होता.

नळीचं मला दोन आठवड्यांपासून सांगत होते. मी मान हलवून नाही म्हणत होते. ऑपरेशननंतरचे ते दहा दिवस माझ्या घशाला आठवत होते, आणि दुसरं कारण सांगायला लाज वाटते. शेकासाठी बाहेर बाकावर बसलेल्यांत ज्यांच्या नाकात नळी असायची ते मला आपल्यापेक्षा जास्त आजारी वाटायचे. तिकडच्या बाकावर आपण बसायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. म्हणजे घरातले भांडत होते माझ्या वजनासाठी, आणि मी भांडत होते बाकासाठी.

त्या सोमवारी रात्री नऊ वाजता वहीत ७४० कॅलरी झाल्या होत्या. नवरा ग्लास घेऊन समोर उभा. “अजून दोनशे मिली. हळूहळू घे. मी थांबतो.” तो वीस मिनिटं थांबला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी हाताने ग्लास बाजूला सारला, जरा जोरातच. दूध ओट्यावर, जमिनीवर, फ्रिजखाली. त्याने काही न बोलता फडकं आणलं, गुडघ्यांवर बसून पुसलं, मग हात धुऊन टेबलाशी गेला. तो झोपल्यावर मी वही उघडून पाहिली. लिहिलं होतं: ‘९.२०. दूध २०० मिली. सांडलं. ०.’

मंगळवारी मी नळीला हो म्हटलं.

ती घालायला दहा मिनिटंही लागली नाहीत. नर्स म्हणाली, नळी घशाशी आली की गिळायचं, पाण्याचा घोट घेतल्यासारखं. डोळ्यांतून पाणी आलं, एक उबळ आली, झालं. मग टोक जठरातच आहे ना हे बघायला एक्स-रे. नाकपुडीपाशी नळीवर खूण केली. रोज आधी ती खूण जागेवर आहे का ते बघायचं. सरकलेली दिसली तर काहीही न घालता फोन करायचा. पहिले तीन दिवस मुद्दाम कमी दिलं, प्रत्येक वेळी शंभर मिली, आणि रोज रक्त तपासलं. उपाशी शरीराला एकदम पोटभर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम धोकादायक खाली जाऊ शकतं, हे मला नवीन होतं. मग वाढवत वाढवत २५० मिली, दिवसातून सात वेळा. मोठी सिरिंज, तिचा दट्ट्या काढून टाकलेला, हात खांद्याच्या वर, आणि आहार आपल्या वजनाने खाली उतरू द्यायचा. मी ताठ बसलेली, नंतरही पाऊण तास ताठच. आधी आणि नंतर पाणी घालून नळी धुवायची, नाहीतर ती चोंदते. आमची एकदा चोंदली. गोळी नीट कुटली नव्हती. कोमट पाण्याने हळूहळू मोकळी झाली, पण तोवर नवरा घामाघूम.

मला वाटलं होतं नळीने वजन वाढेल. वाढलं नाही. उतरण्याचा वेग तेवढा कमी झाला. खरा फरक पडला तो घरात. ग्लासचं भांडण संपलं. गजर व्हायचा, तो सिरिंज धरायचा, मी टीव्ही बघायचे. आम्ही पुन्हा इतर गोष्टी बोलू लागलो. म्हणजे तो बोलायचा, मी पाटीवर लिहायचे.

एक गोष्ट मात्र गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावून ठेवली होती. नळी आहे म्हणून गिळणं सोडायचं नाही. तोंडाने काहीच गेलं नाही तर घशाचे स्नायू ते काम विसरतात. त्यांनी तपासून परवानगी दिली, मग दिवसातून पाच-सहा वेळा चमचा-चमचा पाणी, कितीही दुखलं तरी. जबड्यासाठी लाकडी पट्ट्या, डॉक्टर जीभ दाबायला वापरतात त्या. पुढच्या दातांत एकावर एक जितक्या मावतील तितक्या धरून ठेवायच्या. पहिल्या दिवशी १७ मावल्या.

तिसावा शेक झाला तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. कुणी पेढे पाठवले नाहीत हे त्यांचे उपकार. शेक संपले तरी त्यांचा परिणाम संपत नाही. पुढचे दोन आठवडे तोंड जास्तच वाईट होतं. काटा ५७.० वर थांबला, ६८ मधले अकरा किलो गेले. सोळा टक्के. मग एका सोमवारी ५७.०, पुढच्या सोमवारी पुन्हा ५७.०. नवऱ्याने दुसऱ्या ५७ खाली दोन रेघा मारल्या. आहारतज्ज्ञ बाईंनी रोज चालायला आणि खुर्चीतून हात न टेकता दहा-दहा वेळा उठायला सांगितलं, कारण नुसतं खाऊन येते ती चरबी, स्नायूंना काम दाखवावं लागतं. पहिल्या दिवशी मी तिसऱ्यांदा उठता उठता परत बसले.

सहा आठवड्यांनी नळी निघाली. त्याआधी सलग काही दिवस तोंडाने पुरेसं जातंय हे वहीतून दाखवावं लागलं. त्या दिवसांत वही मीच मागून घ्यायचे.

चव परत यायला तिसरा महिना उजाडला, आणि आली तीही तुकड्यातुकड्यांनी. आधी खारट. एका सकाळी अंड्यावरचं मीठ कळलं आणि मी नवऱ्याला हाका मारत सुटले. त्याला वाटलं, पडले बिडले. गोड सगळ्यात शेवटी आलं आणि अजून पूर्ण नाही. लाळ तर निम्मीच आली असेल. पाण्याची बाटली जवळ नसेल तर मी घराबाहेर पडत नाही, कोरडं काही गिळता येत नाही, आणि जेवायला चाळीस मिनिटं लागतात. चारचौघांत जेवताना बाकीचे हात धुऊन आले तरी माझं अर्धं ताट बाकी असतं. आता त्याचं काही वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. मानेवर शेक घेतल्यामुळे थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून त्याची तपासणी अधूनमधून करतात. तसं झालं तर वजन उगाच वाढेल, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मी इतकी हसले, की त्यांना कारण सांगावं लागलं. दोन्ही गालांवर नाही, पण पूर्वीपेक्षा बरंच.

पट्ट्या आता २३ मावतात. वजन ६१ च्या आसपास घुटमळतंय. ६८ ला जायचं का, असं बाईंना विचारलं तर म्हणाल्या, आकडा सोडा, जिना कसा चढताय ते सांगा. कठडा न धरता चढते.

वही अजून स्वयंपाकघरातल्या खणात आहे. परवा काढून पाहिली. सोमवारच्या नोंदी मध्येच थांबल्यात, ६०.४ वर, काही न सांगता. पुढच्या पानावर त्याने विजेच्या बिलांची बेरीज केली आहे.